कळलावी, सदाफुली आणि पेशींतील नळ्या



श्रावण-भाद्रपदांत पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेनें जाणाऱ्यास कुंपणावर चढलेली एक वेल दिसते. तिच्या पानांचीं टोकें निमुळतीं होत होत शेवटीं तारेसारखीं वळतात आणि मिळेल त्या काटकीस धरून वेल वर चढते. फुलाच्या पाकळ्या ६. बुडाशीं पिवळ्या, टोकाशीं तांबड्या, आणि सगळ्या मागें उलटून वर उभ्या राहिलेल्या. दुरून पाहिलें तर हिरव्या कुंपणांत जाळ पेटला आहे कीं काय असें वाटावें. संस्कृतांत हिला अग्निशिखा म्हणतात. जमिनींतील कंद नांगराच्या आकाराचा असतो म्हणून लांगली हेंहि तिचें नांव आहे. मराठी बायकांनीं मात्र तिचें नांव रूपावरून ठेवलें नाहीं, करणीवरून ठेवलें. ती कळलावी. अडलेल्या बाळंतिणीस कळा लवकर याव्यात म्हणून हिचा कंद वापरण्याची चाल होती, आणि ती चाल किती जिवांवर बेतली असेल याची मोजदाद कोणीं ठेविलेली नाहीं. दोघांत भांडण लावून देणारासहि आपण कळलाव्याच म्हणतों. वनस्पति आणि माणूस यांस एकच शब्द लावणारी आपली भाषा कधीं कधीं फार नेमकें बोलते.

या वेलीच्या कंदांत व बियांत कॉल्चिसीन नांवाचें विष आहे. आज मी बोलणार आहें तें वेलीविषयीं नव्हे, तर हें विष शरीरांत जाऊन ज्या वस्तूस धरतें त्या वस्तूविषयीं. ती वस्तु म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीच्या आंत असलेल्या अतिसूक्ष्म नळ्या. आधीं विष हातीं आलें आणि त्या विषाच्या मागावर जातां जातां नळी कशाची बनली आहे तें समजलें, असा हा उलटा इतिहास आहे.

शाळेंत आपणांस पेशीचें चित्र काढावयास लावीत. एक वाटोळी रेघ म्हणजे आवरण, मध्यें एक ठिपका म्हणजे केंद्रक, आणि बाकी सर्व जागा पेशीरसाची. त्या चित्रानें एक समजूत पक्की होते कीं पेशी म्हणजे रसानें फुगलेली पिशवी. ही समजूत सोडली पाहिजे. पेशीच्या आंत वासे आहेत, दोर आहेत, रस्ते आहेत. सर्वांत जाड वासे म्हणजे या नळ्या. त्यांना सूक्ष्मनलिका असें नांव आहे. जाड हा शब्द अर्थात् पेशीच्या मापानें घ्यावयाचा. एका नळीचा व्यास २५ नॅनोमीटर असतो. आपल्या डोक्याचा एक केस आडवा ठेवला तर त्याच्या जाडींत अशा सुमारें ३,००० नळ्या शेजारीं शेजारीं मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकांतून त्यांची घडण दिसण्याची आशाच नको.

नळी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें ओतीव लोखंडाचा नळ येतो. ही नळी तशी एकसंध नाहीं. ती प्रथिनाच्या विटांची आहे. त्या प्रथिनाचें नांव ट्यूब्युलिन. त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन भाऊ, नेहमीं एकमेकांस चिकटलेले. ही जोडी ८ नॅनोमीटर लांब. एका जोडीच्या डोक्यावर दुसरी, दुसरीच्या डोक्यावर तिसरी अशा बसत जाऊन एक उभी ओळ होते, आणि पिंपाच्या उभ्या फळ्या शेजारीं शेजारीं लागून पिंप व्हावें तशा या ओळी एकमेकींस लागून मधोमध पोकळ नळी तयार होते. मी राहतों त्या राजारामपुरींत पत्ता गल्लीच्या आकड्यानें सांगण्याची रीत आहे. पहिल्या गल्लीपासून मोजीत तेराव्या गल्लीपर्यंत चालत या आणि तो आकडा ध्यानांत ठेवा. आपल्या पेशींतील नळीच्या भिंतींत ओळी १३ असतात. कांहीं कृमींत त्या ११ भरतात, पण माणसांत सामान्यतः १३. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढी नळी बांधावयास सुमारें १,६०० जोड्या लागतात.

सर्व जोड्या एकाच दिशेस तोंड करून बसतात, म्हणून नळीचीं दोन टोकें सारखीं नसतात. एका टोकाशीं वाढ झपाट्यानें होते, त्यास धनटोंक म्हणूं, दुसरें ऋणटोंक. पुढें जें सांगावयाचें आहे त्यांतील बरेंचसें या एका भेदावर अवलंबून आहे.

आतां हें कळलें कसें? कॉल्चिसीन हें नांव काळ्या समुद्राच्या कांठच्या कोल्चिस या प्राचीन देशावरून आलें. युरोपांत कॉल्चिकम नांवाचें शरद् ऋतूंत फुलणारें झाड आहे. गाऊट या सांध्यांच्या विकारावर त्याचा कंद फार जुन्या काळापासून देत असत. १८२० सालीं फ्रान्समध्यें पेल्त्ये व काव्हांतू यांनीं त्यांतील द्रव्य वेगळें काढलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असें आढळलें कीं हें द्रव्य दिलेल्या प्राण्याच्या शरीरांत दुभंगण्याच्या बेतांत असलेल्या पेशी जागच्या जागीं अडकून पडतात. गुणसूत्रें दुप्पट झालेलीं, पण त्यांची वांटणी करून दोन बाजूंस नेणारें कोणी नाहीं. वनस्पतींच्या बाबतींत ही अडचणच उपयोगाची ठरली. १९३७ सालीं अमेरिकेंत ब्लेक्सली व एव्हरी यांनीं रोपांवर कॉल्चिसीन लावून दुप्पट गुणसूत्रांचीं झाडें मुद्दाम तयार केलीं, आणि बिनबियांच्या कलिंगडापर्यंत पुढची वाट त्यांतून निघाली. पण विष धरतें कोणास, हें कोडें तसेंच राहिलें.

मध्यंतरीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. त्यानेंहि प्रथम चकविलेंच, कारण पेशी टिकविण्याच्या त्या वेळच्या पद्धतींत तीं नमुनें थंडींत आणि ऑस्मियमच्या द्रावणांत ठेवीत, आणि या नळ्यांचा स्वभाव असा कीं थंडी लागतांच त्या विरघळतात. १९६३ सालीं ग्लुटराल्डिहाइडचा वापर सुरू झाला आणि त्याच वर्षीं लेडबेटर व पोर्टर यांस वनस्पतींच्या पेशींत, तर स्लॉटरबॅक यांस हायड्रा या क्षुद्र प्राण्याच्या पेशींत नळ्या स्वच्छ दिसल्या. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९६७ सालीं, शिकागो येथें गॅरी बोरिसी व एडविन टेलर यांनीं किरणोत्सर्गी हायड्रोजन घातलेलें कॉल्चिसीन तयार करून तें निरनिराळ्या ऊतींच्या अर्कांत मिसळलें आणि कोणतें प्रथिन त्यास धरून ठेवतें तें पाहिलें. जेथें नळ्या अधिक, तेथें विषहि अधिक अडकलें. सर्वांत मोठें नवल मेंदूचें. प्रौढ मेंदूंतील मज्जापेशी दुभंगत नाहींत. मग दुभंगणाऱ्या पेशींस अडविणाऱ्या विषाचें तेथें काय काम? पण मेंदूच्या अर्कांत हें प्रथिन भरपूर सांपडलें. म्हणजे या नळ्या नुसत्या पेशीविभाजनासाठीं नाहींत, त्यांस आणखी कांहीं उद्योग आहे, हें त्याच प्रयोगानें सांगून टाकलें. १९६८ सालीं मोहरी या जपानी शास्त्रज्ञानें प्रथिनास ट्यूब्युलिन हें नांव दिलें. १९७२ सालीं वाइझेनबर्ग यांनीं मेंदूंतील ट्यूब्युलिनपासून कांचेच्या नळींत या नळ्या पुन्हां जुळवून दाखविल्या. कॅल्शियम काढून घ्यावें, जीटीपी नांवाचें शक्तिद्रव्य घालावें, आणि द्रावण रक्ताइतकें उबदार करावें, इतक्यानें नळ्या आपोआप उभ्या राहतात. थंड केलें कीं पुन्हां विरतात.

आपोआप हा शब्द मीं वापरला खरा, पण पेशींत सर्व कांहीं आपोआप होऊं दिलें तर नळ्या भलतीकडे उगवतील. म्हणून पेशीनें पाया घालणारीं वेगळीं प्रथिनें ठेविलीं आहेत. बर्ल ओकली यांनीं १९८९ सालीं एका बुरशीवर काम करीत असतां ट्यूब्युलिनचा तिसरा भाऊ शोधला, त्याचें नांव गॅमा. हा भिंतींत बसत नाहीं. तो आपल्या सोबत्यांसह एक कडें तयार करतो आणि त्या कड्यावर नळीची पहिली फेरी बसते. विहिरीच्या बांधकामास तळाशीं लांकडी कडें घालतात तसें. कड्याकडचें तें ऋणटोंक. बहुतेक कडीं केंद्रकाजवळच्या एका ठिकाणीं जमलेलीं असतात, त्यामुळें नळ्या तेथून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर पसरतात. वाढत्या टोकाशीं नव्या जोड्या आणून बसविणारें प्रथिन निराळें, टोकावर बसून टोंक जाईल तिकडे जाणारें निराळें, नळीच्या अंगास बिलगून तिला आधार देणारें निराळें. मज्जातंतूंत हें शेवटचें काम टाउ नांवाचें प्रथिन करतें. १९७५ सालीं तें सांपडलें. वार्धक्यांत स्मृति नाहींशी करणाऱ्या अल्झायमरच्या विकारांत हेंच टाउ नळ्यांवरून सुटून गुंतवळ होऊन बसतें. तो विषय मोठा आहे. त्यास वेगळें भाषण हवें.

यापेक्षां मला अधिक वेळ द्यावयाचा आहे तो मोडतोडीस. १९८४ सालीं टिम मिचिसन व मार्क कर्शनर यांनीं एक विलक्षण गोष्ट दाखविली. एकाच द्रावणांत, एकाच वेळीं, कांहीं नळ्या वाढत असतात आणि शेजारच्याच नळ्या झपाट्यानें ढासळत असतात. कारण असें. प्रत्येक जोडी नळीवर बसतांना जीटीपी बरोबर घेऊन येते. बसल्यावर थोड्याच वेळांत तें जीटीपी फुटतें, आणि त्या जोडीस बाहेरच्या बाजूस वांकावेंसें वाटूं लागतें. पण वर ताज्या जोड्यांची टोपी असते, ती सर्वांस दाबून धरते. नव्या जोड्या येण्यास उशीर झाला, टोपी झिजली, कीं तेराहि ओळी केळ्याच्या सालीसारख्या बाहेर उलटून नळी उसवत जाते. सुट्या झालेल्या जोड्या नवें जीटीपी घेतात आणि दुसरीकडे कामास लागतात. दुभंगणाऱ्या पेशींत अशा नळीचें आयुष्य सरासरीनें मिनिटाच्या आसपास.

हा उधळेपणा कशासाठीं, असा प्रश्न येतो. आमच्या भागांत गणेशोत्सवांत दर वर्षीं रस्त्यांवर मंडप उभे राहतात. बांबू, वासे, दोर एका रात्रींत येतात. दहा दिवसांनीं सर्व सोडून नेतात आणि तेच वासे पुढें दुसऱ्या कार्यास लागतात. ते वासे सिमेंटांत पुरून ठेवले असते तर उत्सव एकदांच झाला असता आणि रस्ता कायमचा बंद. पेशीचेंहि तसेंच आहे. एरवीं या नळ्या तिचे रस्ते असतात. दुभंगण्याची वेळ आली कीं ती सर्व रस्ते उसवते आणि त्याच विटांतून चातीच्या आकाराची नवी बांधणी उभी करते. दोन्ही बाजूंनीं नळ्या वाढत येतात, चांचपतात, गुणसूत्र हातीं लागलें नाहीं तर ढासळतात, पुन्हां दुसऱ्या दिशेनें वाढतात. आणि माणसाच्या पेशींतील ४६ गुणसूत्रांपैकीं प्रत्येकाच्या दोन्ही प्रतींस दोहों बाजूंचे दोर लागल्याखेरीज विभाजन पुढें सरकत नाहीं. गुणसूत्र कोठें आहे हें नळीस ठाऊक नसतें. आंधळ्यानें काठी फिरवावी तसा हा शोध आहे, आणि काठी मागें घेतां आल्याखेरीज तो चालणार नाहीं.

कळलावीचें विष नेमकें येथें आड येतें. कॉल्चिसीन जोडींतील दोघां भावांच्या सांध्यांत शिरतें आणि जोडी वांकडीच ठेवतें. वांकडी वीट ओळींत बसत नाहीं. बसली तरी पुढचीस बसूं देत नाहीं. सगळ्याच जोड्या बिघडावयास नकोत, टोकाशीं थोड्या बिघडल्या तरी पुरे. म्हणून इतक्या अल्प मात्रेंत हें विष मारक ठरतें. ज्यांच्या पेशी रोज झपाट्यानें दुभंगतात ते अवयव प्रथम जातात. कंद पोटांत गेल्यावर कांहीं तासांनीं वांत्या व जुलाब सुरू होतात, पटकी झाल्यासारखें वाटतें. मग अस्थिमज्जा थकते, रक्तांतील पेशी कमी होतात. त्यांतून जो वांचतो त्याचे केस दोनेक आठवड्यांनीं गळतात. कोनफळ किंवा रताळें समजून कंद खाल्ल्यानें, आणि गर्भ पाडण्यासाठीं कोणीं दिल्यानें, दोन्ही प्रकारें माणसें दगावलीं आहेत. यावर हमखास उतारा असें औषध दवाखान्यांत ठेवलेलें नसतें. शंका येतांच रुग्णास मोठ्या रुग्णालयांत न्यावें आणि खाल्लेल्या कंदाचा तुकडा किंवा वेलीचें पान बरोबर न्यावें, म्हणजे डॉक्टरांस तर्क करीत बसावें लागत नाहीं. हेंच कॉल्चिसीन मोजक्या गोळ्यांच्या रूपानें गाऊटवर आजहि देतात. पण तारक मात्रा व मारक मात्रा यांत अंतर फार थोडें, म्हणून तें डॉक्टरांच्या हातींच राहूं द्यावें. तमिळनाडूंत या वेलीची रीतसर शेती होते आणि बिया औषधांच्या कारखान्यांस जातात. आपल्याकडे ती कुंपणावर फुकट फुलते, आणि माझ्या मतें तेथेंच बरी.

नळ्या बांधूं न देणारें विष पाहिलें. आतां नळ्या मोडूं न देणारें विष पाहूं, आणि त्यासाठीं आपणांस खानदेशांतील नंदुरबारास जावें लागेल. मनसुख वाणी यांचा जन्म तेथें १९२५ सालीं झाला. मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्राचें शिक्षण घेऊन ते अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठांत गेले. १९६२ सालीं तेथें डॉक्टरेट मिळविली आणि नॉर्थ कॅरोलिनांतील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्यें मनरो वॉल यांच्यासह काम करूं लागले. त्याच वर्षीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नांवाच्या सूचिपर्ण झाडाची साल सरकारी मोहिमेंत गोळा झाली होती, ती त्यांच्या प्रयोगशाळेंत आली. सालींत औषधी द्रव्य अत्यल्प. तें वेगळें करून त्याची रचना ठरवावयास कित्येक वर्षें गेलीं. १९७१ सालीं रचना प्रसिद्ध झाली. द्रव्याचें नांव टॅक्सॉल. त्यापूर्वीं १९६६ सालीं याच जोडीनें एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन काढलें होतें. तें नळ्यांस शिवत नाहीं, त्याचें भक्ष्य वेगळें. पण येथें सांगण्याचें कारण असें कीं तेंच द्रव्य आपल्या सह्याद्रींतील नरक्या या झाडांत आहे आणि त्यापायीं नरक्याची चोरटी तोड होत आली आहे. नंदुरबारच्या माणसानें अमेरिकेंत बसून चिनी झाडांत जें शोधलें तें राधानगरीच्या रानांत उभें होतें.

टॅक्सॉल कर्कपेशींस मारतें हें दिसत होतें. कसें मारतें हें १९७९ सालीं न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनीं दाखविलें. सर्वांची अटकळ होती कीं हेंहि कॉल्चिसीनप्रमाणें नळ्या मोडीत असेल. निघालें उलटें. टॅक्सॉल नळीच्या आंतल्या अंगानें भिंतीस चिकटतें आणि ओळी घट्ट धरून ठेवतें. नळ्या वाढतात, जुडग्यांनीं सांठतात, पण ढासळत नाहींत. आणि पेशी तरीहि मरते. मंडप बांधतांच आला नाहीं तरी कार्य होत नाहीं आणि मागचा मंडप निघालाच नाहीं तरीहि होत नाहीं. १९९२ सालीं अमेरिकेंत अंडाशयाच्या कर्करोगावर या औषधास परवानगी मिळाली. पुढें स्तनांच्या व फुप्फुसांच्या कर्करोगांवर तें जगभर दिलें जाऊं लागलें. साल सोलली कीं यूचें झाड मरे, म्हणून त्या काळीं मोठा वाद झाला. नंतर युरोपांतील यूच्या पानांतून मूळ द्रव्य काढून औषध बनविण्याची युक्ति साधली, आणि पुढें टाक्यांत वाढविलेल्या वनस्पतिपेशींपासूनहि तें मिळूं लागलें. वाणी २०२० सालीं वारले. नंदुरबारांत त्यांचें नांव किती जणांस ठाऊक असेल, कोण जाणे.

आपल्याकडे या नळ्यांवरील संशोधन चालूच आहे. मुंबईच्या आय्. आय्. टी. मध्यें दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेनें २००६ सालीं दाखविलें कीं हळदींतील कर्क्युमिन ट्यूब्युलिनला चिकटतें व नळ्या जुळण्यास अडथळा करतें. सांगलीच्या पेठेंतील व्यापाऱ्यांस ही वार्ता गोड लागेल. पण तें कांचपात्रांतलें काम आहे. खाल्लेल्या हळदीचा फारच थोडा अंश रक्तांत पोंचतो. आमटींत हळद घालावी ती चवीसाठीं आणि रंगासाठीं.

आतां मज्जातंतूंकडे येतों, कारण हें भाषण करण्याचें मूळ तेथें आहे. आमच्या गल्लींतील एका बाईंच्या सात वर्षांच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईस उपचार सुरू झाले. रोग हटूं लागला, पण मुलगा चालतांना पाऊल घासूं लागला. पायांस मुंग्या, चप्पल निसटली तरी कळेना. बाईंनीं मला विचारलें, "सर, औषध रगताच्या रोगावर देत्यात, मग पोराच्या पायाला हे कशापायीं?" प्रश्न चोख होता. त्याचें उत्तर सदाफुलींत आहे.

सदाफुली आपल्या प्रत्येक दारीं आहे. पण ती मूळची मादागास्करची. जमैकांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देत. त्यांत तथ्य आहे कीं काय हें पाहण्यासाठीं कानडांत रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनीं उंदरांवर प्रयोग केले. साखर कांहीं उतरली नाहीं, पण रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणें हाच रक्ताच्या कर्करोगाचा दोष, तेव्हां त्यांनीं हा धागा सोडला नाहीं. १९५८ सालीं त्यांनीं व्हिन्ब्लास्टीन वेगळें केल्याचें जाहीर केलें. अमेरिकेंत त्याच पानांतून व्हिन्क्रिस्टीन मिळालें. एक ग्रॅम औषधास शेंकडों किलो पाला लागतो. हीं औषधें ट्यूब्युलिनच्या एका जोडीच्या व दुसरीच्या मध्यें पाचर मारून बसतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत मुलांना होणारा तीव्र रक्तकर्करोग म्हणजे कांहीं महिन्यांची मुदत असे. व्हिन्क्रिस्टीन व इतर औषधें मिळून देऊं लागल्यापासून स्थिति पालटत गेली, आणि चांगल्या केंद्रांत आतां दहांपैकीं आठ-नऊ मुलें बरीं होतात. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें त्या वेळीं असें कोणीं म्हटलें असतें तर लोकांनीं त्यास वेड्यांत काढलें असतें.

मग पाय कां? पाठीच्या कण्यापासून अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतु हा एकाच पेशीचा हात आहे, मोठ्या माणसांत जवळ जवळ एक मीटर लांब. त्या हातांत लागणारीं प्रथिनें बहुतेक सर्व कण्याजवळच्या गाभ्यांत बनतात आणि तेथून टोकापर्यंत वाहून न्यावीं लागतात. रस्ता म्हणजे याच नळ्या. एकच अखंड नळी नव्हे, तर आखूड नळ्या एकापुढें एक, टोकें एकमेकांवर चढलेलीं, सर्वांचें धनटोंक बोटांकडे. त्यांवरून भार वाहणारीं प्रथिनें दोन जातींचीं. कायनेसिन बहुधा बाहेरच्या दिशेस जातें. १९८५ सालीं माकूळ या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूंतून तें मिळालें. त्याचें एक पाऊल बरोबर ८ नॅनोमीटरचें, म्हणजे एका जोडीवरून पुढच्या जोडीवर. उलट दिशेस येणारें डायनीन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं प्रकाशाच्या चिमट्यानें ओझें धरून असें दाखविलें कीं एकेकटें डायनीन दुबळें असलें तरी पुष्कळ डायनीनें मिळून मोठा भार ओढतात. एकेकटें जोरकस असलेलें कायनेसिन मात्र संघांत तितकें कामास येत नाहीं. रस्सीखेच पाहिलेल्यास यांत नवल वाटणार नाहीं. जलद माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर जातो. म्हणजे कण्याजवळून निघालेली शिदोरी बोटापर्यंत पोंचावयास तीन-चार दिवस.

व्हिन्क्रिस्टीन कर्कपेशी आणि मज्जापेशी असा भेद करीत नाहीं. मज्जापेशी दुभंगत नाहीं म्हणून मरत नाहीं, पण तिचे रस्ते उखडले जातात. हाताच्या मज्जातंतूपेक्षां पायाचा लांब. म्हणून शिदोरी प्रथम तुटते ती पायाच्या बोटांची. मुंग्या तेथेंच सुरू होतात आणि वर चढतात. आंतड्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन मलावरोध होतो तोहि याच कारणानें. टॅक्सॉलनें हातापायांस येणारी बधिरता हीहि रस्त्यांचीच तक्रार, मोडून नव्हे तर गोठून.

रस्ता टिकवावयाचा म्हणजे त्यास हात लावावयाचा नाहीं, असें नाहीं. ग्रनोबल येथील प्रयोगांत २०१५ सालीं दिसलें कीं पाण्याच्या झोतानें पुनःपुन्हां वांकविलेली नळी लवचीक होते, तिच्या भिंतींतून विटा निखळतात. पण थोडी विश्रांति आणि भोंवतीं सुट्या जोड्या मिळाल्या तर ती भोंकें भरून काढते व पूर्ववत् ताठ होते. पेशीनें तर नळ्या कापणारीं प्रथिनेंच बाळगलीं आहेत. एकाचें नांव जपानी तरवारीवरून कॅटनिन, दुसरें स्पॅस्टिन. हीं भिंतींतून एकेक जुनी जोडी उपटतात आणि त्या खांचेंत ताजी जोडी येऊन बसते. २०१८ सालच्या संशोधनांत असें आढळलें कीं या डागडुजीनें नळी उलट अधिक टिकाऊ होते. स्पॅस्टिनची जनुक बिघडलेल्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या पाय ताठरण्याचा विकार चालतो. ही जनुक १९९९ सालीं ओळखली गेली. तेथेंहि बिघाड दिसतो तो सर्वांत लांब मज्जातंतूंत.

त्या बाईंस मीं हें सर्व सांगितलें नाहीं. इतकेंच सांगितलें कीं पायांतली तक्रार औषधाचीच आहे, नवा रोग नव्हे. ती डॉक्टरांपासून लपवूं नये. पाऊल घासणें, बोटांनीं गुंडी न लागणें, जबडा दुखणें, तीन-चार दिवस शौचास न होणें, यांतलें जें दिसेल तें तारखेसह वहींत लिहून ठेवावें, कारण त्यावरून ते मात्रा कमी करावी कीं एखादी खेप लांबवावी हें ठरवितात. शेजारच्यांनीं सांगितलें म्हणून सदाफुलीचीं पानें चघळावयास देऊं नयेत. पानांत अनेक विषें आहेत, त्यांचें माप कोणासच करतां येत नाहीं, आणि शिरेंतून मोजून दिलेल्या औषधाच्या जागीं तीं येऊं शकत नाहींत. उपचार संपल्यावर बहुतेक मुलांचे मज्जातंतु महिन्यांच्या गतीनें सावरतात. कण्याकडून बोटांकडे नळ्या पुन्हां बांधीत जावें लागतें, आणि लांबच्या टोकास दुरुस्ती सर्वांत उशिरा पोंचते. मुलगा आतां चपलेचा पट्टा बांधून शाळेंत जातो. डावें पाऊल अजून थोडें घासतें.